उसनं कपाळ

लग्न होऊन त्या घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं सासूला विचारलं, "चहा ठेवू का?"

सासू स्वयंपाकघरात खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मान खाली, मांडीवर ताट. उत्तर आलं नाही. सूनबाई दोन पावलं पुढे गेली, पुन्हा विचारलं, आणि मग एकदम तिला आठवलं. या घरात सासू नव्हती. स्थळ आलं तेव्हाच सांगितलं होतं, मुलाची आई तो दुसरीत असताना गेली, घरात सासरे आणि मुलगा दोघंच, तुला सासुरवास कसला तो नाही. खिडकीशी बसली होती ती भाजलेली माती होती.

सासरे, म्हणजे आप्पा, शिल्पकार होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या सांगण्यावरून पुतळे केले. शाळेच्या संस्थापकांचे, बँकेच्या अध्यक्षांचे, बागेत बसवायची हरणं. मुलगा सुतारकामात हाताशी आला, घर चालेल अशी खात्री झाली, आणि आप्पांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं. मग ते बायको घडवायला लागले. तळ्याकाठची लालसर माती आणायची, पायांनी तुडवायची, पोकळ आकृती उभी करायची, सावलीत वाळवायची आणि मागच्या अंगणातल्या भट्टीत तुकड्यातुकड्यांनी भाजून जोडायची. सूनबाई आली तेव्हा तीन तयार होत्या. शेंगा सोलणारी स्वयंपाकघरात, दुसरी जिन्याच्या वळणावर कठड्याला रेलून, तिसरी आप्पांच्या कामाच्या खोलीत, दाराकडे पाठ करून.

"आधी सांगायला हवं होतं," सूनबाई नवऱ्याला म्हणाली.

"सवय होते," तो म्हणाला. "मी तर बघतच नाही त्यांच्याकडे."

ते खरं होतं. तो जिन्यावरून जाताना भिंतीकडे बघत जायचा.

आप्पा माणूस चांगला. कधी चढा आवाज नाही, जेवणाला नावं ठेवणं नाही. सुनेला सूनबाई म्हणत, म्हणून शेजारीही म्हणू लागले, आणि तिचं खरं नाव बँकेत आणि दवाखान्यात तेवढं उरलं. ती रोज सकाळी आणि दुपारी त्यांच्या खोलीत चहा घेऊन जायची. ते काम करत असले की बोलत नसत. मान वर करून तिच्याकडे बघत, कप घेत, पुन्हा ओल्या मातीकडे वळत. वर्ष-दीड वर्षात एक नवी आकृती घरात यायची. केस पुसणारी. उंबऱ्यावर बसून पाय दाबणारी. एक नुसतीच उभी होती, एक हात मानेवर ठेवून, कुणीतरी मागून हाक मारल्यावर वळावं तशी अर्धवट वळलेली. तिला आप्पांनी बैठकीच्या खोलीत ठेवलं.

शेजारीण एकदा म्हणाली, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. तुझ्याकडे मात्र सगळा आठवडा सासूचाच आहे बाई."

सूनबाई हसली. पण ते हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. जिवंत सासू बोलली असती, रुसली असती, कधी चार दिवस बहिणीकडे गेली असती. ही कुठेच जात नव्हती. सूनबाई भाजी फोडणीला टाकायची आणि मानेवर काहीतरी जाणवायचं. वळून बघावं तर शेंगा सोलणारी खालीच बघत असायची. तिचा त्रास नव्हताच कधी. त्रास नंतर आलेल्यांचा. त्या बघायच्या. त्यांचे डोळे आप्पांनी कोरून खोल केले होते, बुबुळाच्या जागी सावली साचायची, आणि नजरेत स्पष्ट नाराजी होती. शिव्याशाप नाही, भांडण नाही. नुसतं, तू इथे काय करते आहेस.

घरी कुणी नसताना ती त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायची. संध्याकाळी आप्पा न बोलता त्या पुन्हा वळवून ठेवायचे. असं बरेच महिने चाललं. मग तिनं सोडून दिलं. पुढे ती त्यांच्याशी बोलायलाही लागली. मूल होत नव्हतं त्या वर्षांत तर फारच बोलली. डॉक्टर काय म्हणाले, बहिणीच्या बाळाच्या बारशाला गेले नाही ते का, नवरा असा गप्प का. उभ्या असलेल्या सासूला ती म्हणायची, "बघा ना, तुमचाच मुलगा आहे." सासू बघायची तशीच बघत राहायची.

चित्रं त्यातून सुरू झाली. घरामागे भट्टीच्या पलीकडे पाणथळ जमीन होती. लव्हाळे, पडलेली झाडं, त्यांच्यावर बुरशी. सूनबाई दुपारी तिथे जाऊन बसायची, कारण तिथे कुणाला डोळे नव्हते. नवऱ्याच्या कारखान्यातले उरलेले प्लायचे तुकडे आणि दाराखिडक्यांचे रंग घेऊन तिनं एकदा ओल्या सालीसारखं काहीतरी केलं. झाड नव्हे, झाडाचं चित्र नव्हे; नुसता तो ओलेपणा, काळ्यातून वर येणारा हिरवा, मध्येच गंजल्यासारखी एक रेघ. करताना दोन तास कसे गेले कळलं नाही. मग ती करतच राहिली. पुढे नवऱ्यानं चांगले रंग आणून दिले आणि माळ्याखालची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीत एकही आकृती ठेवायची नाही, एवढंच तिनं आप्पांना सांगितलं, आणि त्यांनी ते पाळलं.

एकदा ते दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "चांगलं आहे. पण यात कुणी राहत नाही."

"म्हणूनच करते," ती म्हणाली.

प्रदर्शनाचं निघालं ते आप्पांमुळे. गावातल्या वाचनालयाच्या वर एक मोठं दालन होतं, आणि ते चालवणारी बाई आप्पांची शिल्पं बघायला घरी आली. आप्पा तिला दालनवाली म्हणू लागले. उंच, घाईची, हातातल्या फोनवर सतत माप घेणारी. तिनं घरभर फिरून सगळ्या आकृती पाहिल्या, आणि जाता जाता माळ्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं तिथे थबकली.

"हे कुणाचं?"

"माझं. असंच," सूनबाई म्हणाली.

दालनवाली आत गेली ती चहा गार होईपर्यंत बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचं ठरलं होतं. दोघांचं एकत्र प्रदर्शन करायचं. सासऱ्यांची माणसं आणि सुनेचं रान. "एका घरात राहून दोघांनी एकमेकांना न विचारता एकच काम केलंय," ती म्हणाली. सूनबाईला ते पटलं नाही, पण ती सुखावली. इतक्या वर्षांत तिच्या कामाला कुणी काम म्हटलं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "प्रदर्शन म्हणजे काय, लोक येतात, पाणी पितात, जातात. करा." त्यांचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तरी ऑपरेशनचं नाव काढू देत नसत. आताशा ते हातांनीच काम करत. दालनात मी येणार नाही, एवढं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

नवऱ्यानं पेट्या केल्या. प्रत्येक आकृतीच्या मापाची वेगळी पेटी, आत गवत, कोपऱ्यांना रबर. झाकणं ठोकताना तो खिळ्यावर इतका हलका हात मारत होता, की कामगार एकमेकांकडे बघून हसले. पेट्या टेम्पोत चढल्या आणि घर मोकळं झालं. फरशीवर जिथे जिथे आकृती होत्या तिथे फिकट चौकोन उरले. सूनबाईला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. पण ती जिन्याच्या वळणावर सवयीनं अंग चोरून गेली, आणि कुणासाठी चोरलं ते न कळून तिथेच उभी राहिली.

मांडणीच्या दिवशी ती दालनात गेली. दालनवालीनं आकृती केल्या त्या क्रमानं ओळीत लावल्या होत्या आणि प्रत्येकीमागे एक चित्र टांगलं होतं. शेवटी ती उभी असलेली, मानेवर हात ठेवलेली. तिच्यामागे सूनबाईचं सगळ्यात मोठं चित्र, काळ्या-हिरव्या पाण्याचं. ते करायला तिला एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा लागला होता. त्या चित्रात ती जायची. म्हणजे रंग लावताना तिला खरोखर वाटायचं की आपण आत चाललोय, आणि इथे आपल्याला कुणी शोधून काढणार नाही.

आता तिथे सासू उभी होती. चित्रातला अंधार तिच्या खांद्यांमागून पसरला होता, जशी काही ती तिथूनच चालत बाहेर आली होती आणि कायम तिथेच राहत होती.

"ही इथून हलवा," सूनबाई म्हणाली.

"का? हीच तर सगळ्यात चांगली जोडी आहे."

"माझं चित्र वेगळं लावा. भिंतीवर, एकटं."

दालनवालीनं फोन खिशात ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "एक विचारू? तुम्ही त्यांच्यासमोर किती वेळ बसायचात?"

"कुणासमोर, आप्पांसमोर? बसायचे कुठे? चहा घेऊन जायचे, दोनदा. असायचे थोडा वेळ."

"रोज?"

"रोजच."

दालनवाली मान हलवून म्हणाली, "तरीच." काय तरीच, ते सूनबाईनं विचारलं नाही. तिला वाटलं, सासऱ्यांची सेवा केली म्हणून कौतुक चाललंय. जोडी तशीच राहिली.

उद्घाटनाला लोक आले, पाणी प्यायले, गेले. वर्तमानपत्रातला एक माणूस सासू-सुनेच्या नात्यावर बराच बोलला. चित्रकारानं दालनात बसावं अशी दालनवालीची इच्छा, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. गर्दी नव्हती. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आत आली. लहानखुरी, जाड लोकरीचा कोट, पायात पांढरे बूट. तिनं सूनबाईकडे बघितलंही नाही. थेट पहिल्या आकृतीपाशी गेली, शेंगा सोलणारीपाशी, आणि काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला.

"हात लावू नका म्हणून लिहिलंय," सूनबाई हळूच म्हणाली.

"लिहिलं असेल," म्हातारी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझी ताई आहे ही."

मग ओळख निघाली. ही सासूबाईंची धाकटी बहीण, नवऱ्याची मावशी. परदेशात स्थायिक झालेली. बहीण गेली तेव्हा आली होती, ती त्यानंतर आत्ताच. प्रदर्शनाचं कुणीतरी कळवलं, आणि गुडघ्यांना न जुमानता निघून आली. ती न येण्याचं कारण सूनबाईनं अर्धवट ऐकलं होतं, मावशीनं तिथेच उभ्याउभ्या पुरं केलं. बहिणीला घरातून न्यायच्या आधी आप्पा प्लास्टर कालवून घेऊन आले होते. चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणून. मावशीनं त्यांच्या हातातलं घमेलं हिसकावून अंगणात उपडं केलं. "मेलेल्या बाईच्या तोंडावर चुना थापतोस, माणूस आहेस की गवंडी, असं म्हणाले मी. सगळ्यांदेखत. त्यानंतर आमचं बोलणं नाही."

"घरात फोटोपण नाहीत फारसे," सूनबाई म्हणाली.

"कसे असतील? कॅमेरा दिसला की तोंडावर हात."

मावशी दुसऱ्या आकृतीपाशी गेली. हसली. "चिडली की हनुवटी अशीच काढायची." तिसरीला पाठमोरी बघूनच म्हणाली, "हो, हो." चौथीपाशी तिनं चष्मा काढून कोटाला पुसला आणि पुन्हा घातला. पाचवीपाशी ती फार वेळ थांबली. तिचं रडणं थांबलं होतं. मग ती भराभर चालायला लागली, एकेका आकृतीवर नुसती नजर टाकत, आणि शेवटच्या उभ्या बाईपाशी येऊन थांबली.

"ही कोण?"

"सासूबाई."

"कुणाच्या सासूबाई?"

सूनबाईला वाटलं, वयामुळे गोंधळ झाला असेल. "माझ्या. तुमच्या ताई."

"बाळ, मी तिच्या पाठीवर जन्मले. एका अंथरुणात वाढलो आम्ही. ताईचं कपाळ अरुंद होतं. डोळे जवळजवळ होते. ही माझी ताई नाही." मावशीनं मान वर करून पुतळ्याकडे बघितलं, मग वळून सूनबाईकडे. मग पुन्हा पुतळ्याकडे. "जरा इकडे ये. उजेडात."

सूनबाई गेली. मावशीनं तिची हनुवटी धरून चेहरा एका बाजूला वळवला, थोडासाच.

"तुला कुणी सांगितलं नाही?" ती म्हणाली.

 सूनबाईला आधी काही कळलंच नाही. माणूस स्वतःला बाजूनं कुठे बघतो. मग मागच्या काळ्या चित्रावरच्या काचेत तिला दोन बायका दिसल्या. दोघींचं कपाळ रुंद, दोघींचे डोळे कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे, आणि दोघींचा हात मानेवर. आपला हात मानेवर कधी गेला ते तिला आठवेना. तिनं तो खाली घेतला. काचेतल्या एकीनंच घेतला.

घरी येऊन ती सरळ नवऱ्याच्या कारखान्यात गेली. तो यंत्रावर फळीला रंधा मारत होता. तिनं बटण बंद करून यंत्र थांबवलं, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"त्या आकृती माझ्या आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं अंगावरचा भुसा झटकला. बराच वेळ झटकत राहिला. "हो."

"कधीपासून?"

"ती केस पुसणारी केली तेव्हापासून. तू तशीच उभी राहतेस, एक पाय दुमडून."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलणार?" तो म्हणाला. "मला आईचा चेहरा आठवत नाही. खरंच नाही आठवत. तिच्या बांगड्यांचा आवाज आठवतो, चेहऱ्याच्या जागी काही नाही. मग मला वाटलं, मीच चुकत असेन. आई अशीच असेल. आणि आई अशी असेल, तर मी तुला बघून हो म्हटलं ते कशामुळे, हेही मनात येऊन गेलं. ते नको होतं मला. म्हणून कुणाकडेच बघितलं नाही. त्यांच्याकडेही आणि..."

तो थांबला. पुढचं तिला माहीत होतं. त्यानं तिच्याकडेही नीट बघितलं नव्हतं, किती वर्षं. ती त्याला गप्प स्वभावाचा समजत आली होती.

सकाळी ती आप्पांच्या खोलीत गेली. हातात चहा होता, पण तिनं तो पुढे केला नाही. आप्पा ओल्या फडक्याखाली हात घालून काहीतरी चाचपत होते.

"मावशी आल्यात," ती म्हणाली.

"धाकटी? आहे अजून?"

"आहेत. काल दालनात आल्या होत्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ही माझी ताई नाही."

फडक्याखालचे हात थांबले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आप्पा म्हणाले, "पहिल्या तीन?"

"त्या त्यांच्या ताई आहेत म्हणाल्या."

"मग बरं." त्यांनी हात बाहेर काढून मांडीला पुसले. "पहिल्या तिन्ही वेळा ती आपणहून आली. डोळे मिटले की समोर. चौथीला बसलो आणि ती येईना. दोन महिने नुसतं धड घेऊन बसलो होतो, वर काही नाही. तू चहा घेऊन आलीस. मी म्हटलं, कपाळ तेवढं उसनं घेऊ. बाकी सुचलं की परत करू."

"कपाळ कुणी उसनं देतं का, आप्पा?"

"तू दिलंस की. रोज यायचीस, देऊन जायचीस." ते हसले नाहीत. "मग डोळे घेतले. मग मान. एक घेतलं की दुसरं त्याला जुळतं घ्यावं लागतं. परत करायचं राहून गेलं. मग तुझं परत करून तिचं लावायला ती कुठे होती? ती माझ्याकडून हरवली, सूनबाई. धाकटीनं साचा घेऊ दिला असता तर हरवली नसती."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग."

ती जायला वळली, पण एक गोष्ट राहिली होती. "त्या रागानं बघतात. तसं का केलंत? सासूबाई रागीट होत्या का?"

आप्पांनी तिच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. पिकलेल्या बुबुळांतून त्यांना उजेडाचा ठिपका दिसत असेल तेवढाच. "राग मी केला नाही. मी जे समोर असेल ते करतो. मला वाटायचं, हिला विसरलो म्हणून हीच रागावली आहे. फार घाबरायचो. तू तोंडं भिंतीकडे करून ठेवायचीस ना, तेव्हा बरं वाटायचं. मग वाटायचं, हे पाप आहे, आणि पुन्हा वळवायचो."

सूनबाई दारात उभी राहिली. त्या खोलीत चहा घेऊन येताना तिला जिना उतरावा लागायचा, बैठकीतून जावं लागायचं, त्या सगळ्या नजरांमधून. आणि इथे पोचल्यावर समोर हा म्हातारा, ज्यानं हे सगळं घरात आणून भरलं. ती त्याच्याकडे कशी बघत असेल? तिला कधी कळलं नव्हतं. त्यानं रोज दोनदा ते पाहिलं होतं, मातीत उतरवलं होतं, भाजून पक्कं केलं होतं आणि तिच्याच वाटेत आणून ठेवलं होतं.

तिनं चहा मोरीत ओतला. त्या दिवशी ती आप्पांशी बोलली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. चहा नवरा घेऊन गेला.

मावशी घरी आली ती तिसऱ्या दिवशी. ती आल्याचं कळूनही आप्पा उठले नाहीत, तीही आल्या आल्या खुर्ची ओढून बसली.

"भावोजी, तेव्हा तुम्हाला अडवलं ते बरोबरच केलं," ती म्हणाली. "तिचं तोंड चुन्यात बुडालेलं मी बघू शकले नसते. पण माझ्याजवळ तिच्या सगळ्या आठवणी होत्या आणि मी त्या घेऊन निघून गेले. ते वाईट केलं."

आप्पा म्हणाले, "इकडे ये. तुझ्यात तिचं काही आहे का बघू."

"माझं नाक वडिलांचं. कान मात्र आमच्या आईचे, दोघींचे सारखे."

मग आप्पांनी तिच्या कानाला हात लावला. पाळी, कडा, आतली घडी, पुन्हा पुन्हा. मावशी डोळे मिटून बसली. सूनबाईनं ते दारातून पाहिलं आणि मध्ये बोलायचं नाही म्हणून परत फिरली. मावशी आठवडाभर राहिली, रोज सकाळी बसायची. शेवटी जे तयार झालं तो नुसता एक कान होता, तळहाताएवढा. आप्पा म्हणाले, एवढंच खात्रीनं तिचं आहे. त्याहून जास्त मला येत नाही. तो त्यांनी भाजला, आणि नंतर कुठलीच बाई केली नाही.

प्रदर्शन संपायच्या दिवशी सूनबाई दालनात लवकर गेली. पेट्या यायच्या होत्या. ती जिन्याच्या वळणावरच्या सासूसमोर उभी राहिली, त्या पुढे काढलेल्या हनुवटीसमोर. इतकी वर्षं जिच्याशी बोलले ती ही नव्हेच, हे तिला आता कळत होतं. डॉक्टरांचं, बहिणीचं, नवऱ्याचं, सगळं आपण आपल्यालाच सांगत होतो. आणि ही, जिला खरोखर विचारता आलं असतं, ती बाजूला राहिली. सूनबाईला तिच्याशी बोलायला एकही शब्द सुचेना. परक्या बाईसमोर उभं राहावं तशी ती अवघडून उभी राहिली, आणि कामगार आल्यावर बाजूला झाली.

शेंगा सोलणारी मावशीला दिली. ती विमानातून पाठवायला नवऱ्यानं वेगळी पेटी केली, दोनदा मोडून पुन्हा केली. बाकीच्या घरी आल्या, पण सूनबाईनं पेट्या उघडू दिल्या नाहीत. त्या घरातल्या बोळात एकावर एक रचून ठेवल्या. आप्पांनी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच. मग दालनवालीनं त्या पेट्या दालनासाठी मागितल्या, आणि सूनबाईनं दिल्या. एक सोडून.

ती एक, मानेवर हात ठेवलेली, तिनं माळ्याखालच्या खोलीत आणून उभी केली. नवरा म्हणाला, "इथे? इथे तर तू कुणाला येऊ देत नव्हतीस."

"दुसरीकडे कुठे ठेवू? तोडायची तर हात होत नाही."

तो हल्ली बोलताना तिच्याकडे बघतो. त्याची तिला अजून सवय झालेली नाही. मध्येच ती मान फिरवते.

चित्रं ती अजून करते. पाणथळ, साल, बुरशी, तेच. दालनवाली म्हणते, चित्रं बदलली, आता त्यांत कुणीतरी आहे असं वाटतं. सूनबाईनं त्यांत कुणालाही काढलेलं नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. दुपारी काम करताना मानेवर पूर्वीसारखंच काहीतरी जाणवतं, ती वळून बघते, आणि ती बाई बघत असते. तोंड भिंतीकडे करावं असं सूनबाईच्या कितीदा मनात येतं. ती करत नाही. नजर आपलीच आहे हे कळलं, म्हणून ती कमी बोचते असं नाही.